दहा दिवस, ३८४ किलोमीटर

पोर्तुगालमध्ये लिस्बनहून दक्षिण किनाऱ्यावरच्या लागुशला मोटरवेने जेमतेम तीन तास लागतात. आम्ही दहा दिवस लावले. गाडी बिघडली नाही, कोणी आजारी पडलं नाही, रस्ताही चुकलो नाही (म्हणजे दोनदाच चुकलो). ठरवूनच हळू गेलो.

याचं मूळ काही वर्षांपूर्वीच्या एका ग्रुप टूरमध्ये आहे. दहा दिवसांत सहा देश. पहाटे पावणेसहाला बॅगा खोलीबाहेर, साडेसहाला नाश्ता, बसमध्ये डोळा लागला की जाग येईपर्यंत पुढचा देश. त्या सहलीतलं मला आज खात्रीने आठवतं ते एकच : हमरस्त्यावरचं नाणं टाकून उघडणारं स्वच्छतागृह. ते कुठल्या देशातलं, तेही सांगता येणार नाही. तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, पुढच्या वेळी एकच देश, एकच किनारा, आणि दिवसाला पन्नास किलोमीटरच्या वर चाक फिरवायचं नाही.

ह्यांना हे पटवणं अवघड होतं. आमचे हे पश्चिम रेल्वेत मोटरमन. एकतीस वर्षं चर्चगेट-विरार. ज्या माणसाला दादरला वीस सेकंद जास्त लागले तर पुढे विरारपर्यंत चैन पडायची नाही, त्याला "कधी पोचायचं ते ठरवायचंच नाही" हे बोलणं वेडेपणाचं वाटणारच. त्यांनी रेघा मारून वहीत टाइमटेबल केलं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मधले थांबे, आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. मी वेळांचे रकाने पांढऱ्या शाईने खोडले. शेऱ्याचा ठेवला.

गाडी मी चालवणार होते. ह्यांनी आयुष्यभर लाखो माणसं वाहून नेली, पण चारचाकी शिकले नाहीत. "ज्याला रूळ नाहीत ते वाहन माझं नाही," एवढंच म्हणतात.

पोर्तुगालच का, हा प्रश्न वसईच्या माणसाला पडत नाही. किल्ला आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. पोर्तुगीज इथे दोनशे वर्षं होते, १५३४पासून. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी त्यांना काढलं. आम्हीही निघालो मे महिन्यातच, २०२५च्या. "आंब्याच्या दिवसांत कोणी घर सोडतं का?" असं मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. हापूसचं नाव ज्या आफोन्सुवरून आलं त्याच्या देशात जाऊन दहा दिवस हापूसशिवाय काढायचे, म्हणजे विचित्रच.

तयारीबद्दल थोडंच सांगते. शेंगेन व्हिसा सगळ्यांना माहीत आहे. आंतरराष्ट्रीय परवाना सारथी पोर्टलवरून अर्ज करून आरटीओतून मिळतो, शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. तो एकटा चालत नाही, सोबत आपलं मूळ लायसन्स लागतं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यापायी आमचा पहिलाच दिवस जवळजवळ गेला : गाडी भाड्याने घेताना अनामत रक्कम राखून ठेवायला चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. मी ऐटीत फॉरेक्स कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या मुलाने मान हलवली. प्रीपेड चालत नाही. मग क्रेडिट कार्ड काढलं, तर त्याचा परदेशातला वापर मीच कधीतरी बंद करून ठेवलेला. तो चालू करायला ओटीपी, ओटीपी येणार भारतातल्या सिमवर, आणि ते सिम मी विमानात बदलून सुपारीच्या डबीत ठेवलेलं. डबी मोठ्या बॅगेच्या तळाशी. लिस्बनजवळच्या सेतूबल शहरातल्या त्या ऑफिसात जमिनीवर बॅग उघडून मी परकर, थालीपीठ भाजणी आणि चिवड्याच्या पिशव्यांमधून ती डबी शोधली. मागे रांगेत तीन माणसं. हे शांतपणे भिंतीवरचं घड्याळ बघत होते, आणि मला माहीत होतं की मनात ते लेट मार्क करतायत.

गाडी आम्ही मुद्दाम लिस्बनला न घेता सेतूबलला घेतली. लिस्बनच्या गर्दीत उजवीकडून चालवायचा पहिला धडा गिरवायची हिंमत नव्हती. त्यातून ह्यांनाही एक बक्षीस मिळालं. लिस्बनहून सेतूबलला जाणारी लोकल तेजु नदीवरच्या पंचवीस एप्रिल पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाते. पूल १९६६चा. तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४च्या क्रांतीनंतर क्रांतीच्या तारखेचं नाव मिळालं. वरून मोटारी आणि खालून रेल्वे, तीही १९९९ला सुरू झालेली. डबे दुमजली. नदी किती रुंद, खाली जहाजं किती, हे मी बघत होते. हे दारं बंद व्हायला किती सेकंद लागतात ते मोजत होते. "नऊ," म्हणाले. "आपल्याकडे नऊ सेकंदांत अंधेरीला माणूस चढत सुद्धा नाही."

तर गाडी मिळाली. लहानशी, करड्या रंगाची, हाताने गिअर टाकायची. मुलाने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, "शाव". हे चमकले. "चावी म्हणाला का तो?" हो, तोच शब्द. पोर्तुगीज पाहुणे गेले आणि चावी आपल्याकडे विसरून गेले. चावीच कशाला, बिजागरी, पिंप, फीत, परात, घमेलं, पगार आणि लिलाव, सगळं त्यांचंच सामान. पुढचे दहा दिवस आमचा हा खेळच झाला. पाटी दिसली की मोठ्याने वाचायची आणि त्यात घरचा शब्द सापडतो का बघायचं.

उजव्या बाजूने चालवणं मला वाटलं होतं तितकं कठीण नव्हतं. कठीण होते ते हात. गिअर बदलायला डावा हात आपोआप दाराकडे जायचा आणि काच खालीवर करायच्या बटणावर आपटायचा. त्याहून वाईट म्हणजे इंडिकेटर. माझ्या वॅगनआरला इंडिकेटर उजव्या बाजूच्या दांडीवर आहे, इथे डाव्या. त्यामुळे प्रत्येक वळणावर मी वळतेय हे मागच्या गाडीला कळायच्या ऐवजी माझे वायपर सुरू व्हायचे. लख्ख ऊन, आभाळात ढग नाही, आणि आमचे वायपर कोरड्या काचेवर किर्र किर्र. सेतूबलच्या बंदरापर्यंत दोन किलोमीटर असतील, त्यात पाच वेळा काच पुसली.

ह्यांनी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. लोकल चालवताना मोटरमन पुढचा सिग्नल मोठ्याने उच्चारतात ना, तसं ते प्रत्येक गोलाकार चौकाला ओरडायला लागले. "गोल चक्कर! डावीकडून येणारा आधी!" मला पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकदा सांगितलं नाही तर मी चक्रावले.

सेतूबलहून सादु नदीच्या मुखावर फेरीबोट आहे, गाडी चढवून त्रोयाच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरायचं. वीस-पंचवीस मिनिटं. या मुखात डॉल्फिनचा एक कळप कायमचा राहतो. आम्हाला दिसले नाहीत. "टाइमटेबल नसलं की असंच होतं," हे म्हणाले.

पहिले दोन दिवस कोंपोर्ताजवळ. इथे उतरल्यावर मी पाचेक मिनिटं नुसती उभी राहिले. समोर भातखाचरं! पाण्याने भरलेली, बांध घातलेली, मध्ये बगळे. पोर्तुगीज माणूस युरोपात सगळ्यात जास्त भात खाणाऱ्यांपैकी, हे मी वाचलं होतं. पण नाकाला तो चिखलाचा, साठलेल्या पाण्याचा ओळखीचा वास येणं वेगळं. नायगाव-जूचंद्रची खाचरं भरतात तेव्हा येतो तोच. जवळच करास्केइरा गावात मच्छीमारांचा एक धक्का आहे, लाकडाच्या वेड्यावाकड्या खांबांवर उभा. ओहोटीला चिखल फार लांबवर उघडा पडतो, मग होडीपर्यंत जायचं कसं, तर प्रत्येकाने आपापली फळी पुढे पुढे जोडत नेली. कुठे दोन फळ्या, कुठे एक, मध्येच जाळी ठेवायची खोपटी. आम्ही ओहोटीला गेलो. होड्या चिखलात कलंडलेल्या. एक म्हातारा जाळं विणत बसला होता, तशाच सुईने, जशी पाचूबंदरला दिसते. बोललो नाही. बघत राहिलो, त्यानेही दोनदा बघितलं.

जेवणाबद्दल थोडं पाल्हाळ लावते. खानावळीत बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज येतं. आम्ही पाहुणचार समजून सगळं संपवलं. बिलात प्रत्येकाची वेगळी ओळ होती. तिथली रीतच तशी आहे, खाल्लं तर पैसे, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं. दुसऱ्या दिवसापासून हे ऑलिव्ह लांब सरकवून पाव जवळ ओढायचे. पावाला तिथे 'पांव' म्हणतात, अगदी गोव्यात म्हणतात तसा नाकातून.

आणि कोथिंबीर. युरोपात मला कोथिंबिरीची अपेक्षाच नव्हती. या अलेंतेझु प्रांतात मात्र ती मुबलक. 'आसोर्दा' नावाचा प्रकार मागवला. खोल वाडग्यात शिळ्या पावाचे तुकडे, वर लसूण-कोथिंबीर-मीठ खलात कुटलेलं, ऑलिव्ह तेल, त्यावर उकळतं पाणी, आणि पाण्यात शिजवलेलं अंडं. बस. गरिबाचं खाणं, शिळ्या भाकरीचा कुस्करा असतो तसलं. वाडगा समोर आला आणि त्या वाफेबरोबर आमच्या स्वयंपाकघरातला पाट्याचा वास आला. ह्यांनी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा मिरची मागितली.

सीनिशला वास्को द गामा जन्मला. किल्ल्यालगत त्याचा पुतळा समुद्राकडे बघत उभा आहे, आणि त्याच गावात आज तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आणि कंटेनरचं बंदर आहे. आम्ही कॉफी प्यायली, पुतळ्याला "आलात तर खरे" म्हटलं आणि पुढे गेलो. तासभर पुरे.

त्याच रस्त्यावर पेट्रोल भरायला थांबले. स्वतःच भरायचं. दोन नळ्या, एक हिरवी, एक काळी. काळीवर 'गासोलियु'. गॅसोलिन म्हणजे पेट्रोल, एवढं इंग्रजी येतं मला, म्हणून काळी उचलली. दुकानातून एक बाई धावत आली, "नांव! नांव! नांव!" मी गोंधळून माझं नाव सांगितलं. ती थबकली, मी थबकले. मग तिने माझ्या हातातली नळी काढून घेतली आणि हिरवी दिली. 'गासोलियु' म्हणजे डिझेल. 'नांव' म्हणजे नाही. दोन्ही शब्द आता मी मरेपर्यंत विसरणार नाही. दिवसभर हे मला पूर्ण नावाने हाक मारत होते.

पोर्तु कोवुला एक रात्र, आणि मग विला नोव्हा द मिलफोंतश. इथे तीन रात्री होतो. मीरा नदी इथे समुद्राला मिळते. नदीच्या बाजूला पाणी शांत, कोमट, पोरं डुंबतायत. वळून दोनशे पावलं गेलं की अटलांटिक खडकांवर डोकं आपटतोय आणि पाणी असं गार की घोट्यापर्यंत गेले तरी दातांपर्यंत कळ येते. पहिल्या संध्याकाळी ह्यांची चुळबुळ सुरू झाली. "उद्या काय?" काही नाही. "परवा?" परवाही काही नाही. ते उठून गाडी पुसायला लागले. भाड्याची गाडी!

आमचे घरमालक पंचाहत्तरीचे आजोबा. इंग्रजी मोजकं, बाकी फोनवरच्या भाषांतरावर. अंगणात लिंबाचं झाड, त्याखाली टेबल, टेबलावर बॅटरीवरचा जुना रेडिओ. २८ एप्रिलला सगळ्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली होती, दिवसभर. तेव्हापासून हा रेडिओ आत ठेवलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्ही सहानुभूती दाखवली. वसईत मे महिन्यात वीज जाणं ही बातमी नसते, हे काही बोललो नाही.

हे काय काम करत होते ते आजोबांनी विचारलं. मी फोनवर लिहिलं. 'कोंबोयु', म्हणजे आगगाडी, हा शब्द वाचल्याबरोबर म्हातारा ताठ बसला, हात मांडीवर ठेवले, आणि शाळेतल्या पोरासारखा एका दमात सुरू झाला : लिश्बोआ, विला फ्रांका द शिरा, सांतारेंय, एंत्रोंकामेंतु, पोंबाल, कुइंब्रा, आवेइरु, एश्पिन्यु, पोर्तु! मग हसायला लागले. सालाझारच्या काळात प्राथमिक शाळेत देशातल्या नद्या आणि रेल्वेचे मार्ग घोकून घ्यायचे. नुसते देशातले नाही, वसाहतींतलेही. चुकलं की हातावर पट्टी. मग डोळे मिटून त्यांनी जरा आठवलं आणि म्हणाले, "मोर्मुगांव." आमच्या ह्यांना एकदम कळलं. मार्मागोवा! लिंबाच्या झाडाखाली बसलेल्या या माणसाला पासष्ट वर्षांपूर्वी, कधीही न बघितलेल्या मार्मागोव्याची रेल्वे पाठ करावी लागली होती. आणि ते पाठांतर व्हायच्या सुमारास, १९६१च्या डिसेंबरात, गोवा सुटलाच. मी "बासाईं?" म्हणून विचारलं, वसईचं त्यांच्याकडचं नाव. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पुस्तकात वसई नव्हती. आम्ही फार आधीच निसटलो होतो.

मग ह्यांची पाळी. हेही ताठ बसले. "चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, एल्फिन्स्टन..." इथे थांबले, "प्रभादेवी" अशी दुरुस्ती केली आणि सुटले ते विरारपर्यंत. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री ह्यांनी वही काढली. शेऱ्याच्या रकान्यात मागच्या सगळ्या दिवसांसमोर एकेक करून लिहिलं : राइट टाइम. राइट टाइम. राइट टाइम. मी विचारलं, पोचायची वेळ ठरलेलीच नव्हती तर राइट टाइम कसा? "ठरलेलीच नव्हती ना, मग लेट कशी होणार?" त्यानंतर चुळबुळ नाही. उलट दुसऱ्या दिवशी मीच कंटाळून नदीपलीकडे जाऊया म्हणाले, तर हे लिंबाखालून उठेनात.

मिलफोंतशहून आत ओदेमिराकडे एक फेरी मारली. रस्ता बुचाच्या ओकांमधून जातो. झाडाचं वरचं खोड राखाडी, भेगाळलेलं, आणि खालचं, माणसाच्या डोक्याहून उंच, लालसर तपकिरी, सोललेलं. सोललेल्या भागावर पांढऱ्या रंगाने एक आकडा. एका झाडावर ४, पुढच्यावर ९. गाडी बाजूला घेऊन एका झाडाला हात लावून बघितला. गुळगुळीत नाही, मखमलीसारखं किंचित ओढतं. आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. ४ म्हणजे २०२४ला सोललं. साल पुन्हा काढायची ती नऊ वर्षांनी, २०३३ला. त्याआधी कायद्याने मनाई. आणि लावलेल्या झाडाची पहिली साल पंचवीस वर्षांनी. जगातलं निम्मं बूच हा एवढासा देश पुरवतो. ह्यांनी आकडा नीट निरखला आणि म्हणाले, "हे खरं टाइमटेबल."

त्याच फेरीत दुसरंही दिसलं. सांव तेओतोनियु गावाच्या आसपास पांढऱ्या प्लास्टिकखाली झाकलेली शेतंच्या शेतं. रासबेरी, ब्लूबेरी, सगळी युरोपच्या सुपरमार्केटांसाठी. गावात चहाला थांबलो तर दुकानात मसुराची डाळ, मॅगी, पार्ले-जी. बाहेर सायकली लावून उभी पोरं नेपाळी, पंजाबी, बांगलादेशी. फळं खुडायला आलेली. २०२१ला करोनात या भागाला वेढा घातला तेव्हा ही माणसं एकेका खोलीत किती दाटीवाटीने राहतात ते देशभर गाजलं होतं. जालंधरकडचा एक मुलगा ह्यांच्याशी हिंदीत बोलायला लागला. चार वर्षं झाली, कागदपत्रांची वाट बघतोय. समुद्र इथून पंधरा मिनिटांवर. "गेलास का?" म्हणून विचारलं. म्हणाला, घरच्यांना व्हिडिओवर दाखवायला एकदा गेलो होतो, पाण्यात नाही उतरलो, बूट काढायला वेळ नव्हता. त्याने आमच्या चहाचे पैसे दिले. आम्ही कितीही सांगितलं तरी घेतले नाहीत. गाडीत बसल्यावर बराच वेळ गोल चक्कर आलं तरी हे बोलले नाहीत.

काबु सार्दांव या भूशिराला सकाळी गेलो. उंच कडे, खाली पाणी, आणि समुद्रातून सुळक्यासारखे उभे खडक. त्या सुळक्यांच्या टोकावर पांढऱ्या करकोच्यांची घरटी. करकोचे विजेच्या खांबांवर, चर्चच्या मनोऱ्यांवर घरं करतात, ती वाटेत ठिकठिकाणी दिसली. पण समुद्रातल्या कड्यांवर ते जगात फक्त याच किनाऱ्यावर घर बांधतात. एका घरट्यात तीन पिल्लं होती, चोची अजून काळपट. वारा असा की मला कठड्याला धरून उभं राहावं लागलं, आणि त्या काटक्यांच्या टोपलीत ती तिघं निवांत. आई आली, मान मागे पाठीपर्यंत टाकली आणि चोचीने टकटकटक वाजवलं. लाटांच्या आवाजातूनही ते ऐकू येत होतं, कोणीतरी वरच्या मजल्यावर लाटणं आपटतंय असं. तिथलं दीपगृह १९१५चं, आणि त्याचा मनोरा समुद्राकडे असायचा तो इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूला आहे. नकाशा उलटा धरून बांधलं, असं गावकरी सांगतात. मला ते ऐकून फार बरं वाटलं. मीही नकाशा उलटाच धरते.

ओद्सैशपासून अल्गार्व हा दक्षिणेचा प्रांत सुरू होतो. वाटेतल्या गावांत शिरताना एक सिग्नल लागतो. चौक नाही, आडवा रस्ता नाही, मग सिग्नल कशाला? तर तुमचा वेग ५०च्या वर असेल तर तो लाल होतो. हळू आलात तर हिरवा. दंड नाही, पोलीस नाही, फक्त थांबा. ह्यांनी या एका गोष्टीसाठी सगळ्या देशाला शंभरपैकी शंभर दिले. मी मुद्दाम एकदा ५५ने गेले, त्यांना लाल झालेला दाखवायला.

अल्जेझूर रताळ्यांसाठी प्रसिद्ध. आपण पोर्तुगीजांकडून बटाटा घेतला, शब्दासकट. रताळ्याला ते 'गोड बटाटा' म्हणतात. नेमकी एकादशी आली. मंडईत रताळी मिळाली, खोलीतल्या शेगडीवर कीस केला. शेंगदाणे दुकानात खारवलेलेच होते, ते धुवून घेतले. ह्यांची एकादशी अटलांटिकच्या काठी निर्विघ्न पार पडली. मी मात्र बेकरीतली रताळ्याच्या सारणाची करंजी खाल्ली, चक्क आपल्या करंजीच्या आकाराची, आणि त्याबद्दल मला काहीही वाईट वाटलं नाही.

शेवटच्या दोन रात्री साग्रशला. युरोपच्या मुख्य भूमीचं नैऋत्य टोक, काबु द सांव विसेंत, तिथून सहा किलोमीटर. सूर्यास्ताला, म्हणजे रात्री साडेआठ वाजून गेल्यावर, तिथे जत्रा भरते. आम्ही पहिल्या संध्याकाळी गेलो आणि गर्दीत सूर्यापेक्षा फोनच जास्त पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेलो. कोणी नाही. दोन माणसं कड्याच्या अगदी टोकावर बसून गळ टाकून. खाली पाणी केवढं खोल असेल! गळाची दोरी संपेपर्यंत बघत राहिलो. याच समुद्रात, नैऋत्येला कुठेतरी तळ हलला आणि १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बन कोसळलं. आज पाणी असं होतं की काही घडलंच नाही. ह्यांनी डबा उघडून थालीपीठ काढलं. एक तुकडा गळवाल्याला दिला. त्याने वास घेतला, खाल्लं, आणि अंगठा वर केला. मग आम्हाला एक मासा देऊ केला, जिवंत. नांव, म्हटलं.

लागुशला गाडी परत केली २६ तारखेला सकाळी. पेट्रोल भरलेलं, हिरव्या नळीने. ऑफिसातल्या मुलाने गाडीभोवती एक चक्कर मारून ओरखडे बघितले, आत वाकून आकडा वाचला, कागदावरचा सेतूबलचा आकडा बघितला, परत आत वाकला.

"तीनशे चौऱ्याऐंशी?" त्याने इंग्रजीत विचारलं. "दहा दिवसांत? गाडीला काही प्रॉब्लेम होता का?"

"नो प्रॉब्लेम," हे म्हणाले. "राइट टाइम."

त्याला काही कळलं नाही. त्याने हात पुढे केला, "शाव," आणि मी चावी दिली. गाडी बाजूला लावायला म्हणून तो आत बसला आणि चालू केली. वायपर सुरू झाले.